उजव्या सीटवर बसणाऱ्या भाचीस

सिम्युलेटर झाला, परीक्षा झाली, आता तुझं लाइन ट्रेनिंग सुरू होईल. म्हणजे मागे खरी माणसं बसलेली असतील. विमान कसं उडवायचं ते तुझ्या शिक्षकांनी शिकवलंय, आणि आम्हाला शिकवलं त्याहून चांगलं शिकवलंय. मामा म्हणून मला तुझ्याशी एकाच विषयावर बोलायचंय: रोजचं, साधं, हातात मुरलेलं काम करायचं राहून जातं, त्यावर. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे तू घाम गाळून शिकलीस. एखादं बटण दाबायचंच राहिलं तर काय, याचा तसा सराव कुणी घेत नाही. आणि चांगली, धडधाकट विमानं अशा राहून गेलेल्या कामांनी पडली आहेत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की कर. नवखा माणूस सहसा विसरत नाही. नवखा प्रत्येक बटण शोधतो, बोट ठेवतो, पुन्हा बघतो. विसरतो तो हात बसलेला माणूस. तुझे पहिले काही महिने या बाबतीत बरे जातील. पुढे एक दिवस तुझ्या लक्षात येईल की पुशबॅकपासून धावपट्टीपर्यंतचं सगळं तू केलंस, पण केल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून हे पत्र खरं तुझ्यासाठी आहे.

२२ जुलै २०१७. एअर इंडियाचं ए-३२० कोलकात्याहून मुंबईला निघालं, ९९ प्रवासी घेऊन. टेकऑफनंतर चाकं आत घ्यायची राहिली. विमान नेहमीच्या उंचीला जाईना, वेग धरेना, इंधन मात्र भराभर संपत चाललं. असं बराच वेळ चाललं. शेवटी मुंबई गाठता येणार नाही हे दिसल्यावर विमान नागपूरला वळवलं. बातम्यांत आलं ते असं की नागपूरला उतरताना चाकं बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा ती मुळात आत गेलीच नव्हती हे कळलं. कुणालाही इजा झाली नाही. पण चाकं आत घेणं म्हणजे काय? विमान वर जातंय हे दिसलं की एकाने "पॉझिटिव्ह क्लाइंब" म्हणायचं, दुसऱ्याने "गिअर अप" म्हणायचं, आणि लीव्हर वर. शिकाऊ विमान सोडल्यापासून प्रत्येक उड्डाणात केलेलं काम. लोक त्या दोन वैमानिकांना हसले. तू हसू नकोस. ज्याला हे आपल्या हातून होणार नाही असं वाटतं, त्याच्या हातून ते होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, असं माझं ठाम मत आहे.

हे होतं कसं ते समजून घे, म्हणजे मी सांगतो ते पाळायला सोपं जाईल. आपण ही कामं एक-एक करून लक्षात ठेवत नाही. एक झालं की ते पुढच्याला ओढून आणतं. "पॉझिटिव्ह क्लाइंब" हे शब्द कानावर पडले की "गिअर अप" तोंडातून आपोआप निघतं. त्या नेमक्या क्षणी पक्षी समोर आला, हिसका बसला, किंवा टॉवरने फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली आणि ते शब्द उच्चारलेच गेले नाहीत, तर पुढचं कामही उठत नाही. आणि करायचं राहिलं याची आठवण करून देणारं मनात दुसरं काहीच नसतं. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात की डिस्मुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी उड्डाणं कॉकपिटमध्ये मागच्या जंपसीटवर बसून पाहिली. पुस्तकात कामं एकामागून एक, शिस्तीत लिहिलेली असतात. प्रत्यक्षात मध्येच लोडशीट येते, केबिनमधून फोन येतो, टॅक्सीचा मार्ग बदलतो. विसर पडतो तो बहुतेक या मध्येच आलेल्या गोष्टींच्या सांध्यात.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा कानमंत्र: क्रम मोडला की मागे जा. जिथे थांबलो असं वाटतं तिथून पुढे सुरू करू नकोस. चेकलिस्ट चालू असताना कुणी बोललं, रेडिओ वाजला, दार ठोठावलं, तर मोठ्याने म्हण, "चेकलिस्ट थांबवतेय, फ्लॅपवर." तो शब्द उच्चार, म्हणजे शेजारच्यालाही कळेल कुठे थांबलो. परत आल्यावर पहिल्या ओळीपासून सुरू कर. दहा-वीस सेकंद जातील. कॅप्टन म्हणतील, "अगं, ते झालंय आपलं." तरीही पहिल्यापासून. तुझी आई आमटी उकळताना दारावरची बेल वाजली आणि ती जाऊन आली, तर मीठ घातलं की नाही हे आठवत बसत नाही, चाखून बघते. आठवण हा पुरावा नाही. विशेषतः रोजच्या कामात तर मुळीच नाही, कारण कालचं, परवाचं केल्याचं आठवतं आणि ते आजचंच वाटतं.

माद्रिदचं २० ऑगस्ट २००८ चं उदाहरण मी शिकवायला बसलो की नेहमी सांगत असे. स्पॅनएअरचं एमडी-८२ ग्रान कनारियाला निघालं होतं. धावपट्टीशी पोचल्यावर बाहेरच्या तापमानाचा एक आकडा चुकीचा दिसला, म्हणून परत जागेवर आले. दुरुस्ती, उशीर, ऑगस्टचं ऊन, प्रवासी आत बसलेले. पुन्हा निघताना इंजिन सुरू झाल्यानंतरची चेकलिस्ट चालू होती. फ्लॅपची ओळ यायची वेळ झाली आणि नेमकं तेव्हा कॅप्टनने को-पायलटला टॅक्सीची परवानगी मागायला सांगितलं. ती ओळ तिथेच गळली. फ्लॅप लावलेच नव्हते. याच्यापुढचं मला जास्त अस्वस्थ करतं. टेकऑफच्या अगदी आधीच्या चेकलिस्टमध्ये फ्लॅपचा आकडा को-पायलटने वाचून दाखवला. वाचला तो मनातला, नेहमीचा आकडा. समोरचा दर्शक काय दाखवतोय ते बघितलं गेलं नाही. फ्लॅप नसल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या दिवशी वाजली नाही. १५४ माणसं गेली, १८ वाचली. २१ वर्षं आधी, १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२ चं तसंच झालं होतं: धावपट्टी ऐनवेळी बदलली, टॅक्सीची चेकलिस्ट म्हटलीच गेली नाही, फ्लॅप नाहीत, इशारा नाही. विमानातली १५४ आणि जमिनीवरची २ माणसं गेली. वाचली ती चार वर्षांची एक मुलगी. दोन देश, दोन कंपन्या, तेच विमान, तीच राहिलेली ओळ.

तेव्हा मुंबईला बसलेली असशील आणि धावपट्टी २७ च्या ऐवजी १४ दिली, किंवा पुण्याला लोहगावात हवाई दलाची विमानं उतरत असल्यामुळे थांबवून ठेवून अचानक "लगेच निघू शकता का" असं विचारलं, तर तेव्हाच सावध हो. "लगेच" हा शब्द ऐकू आला की तुझा हात संथ व्हायला हवा. धावपट्टी बदलली म्हणजे फ्लॅप, वेग, वळणं, सगळं नव्याने बघायचं. नाही जमत तर "नॉट रेडी" म्हणायचं. टॉवरवरची माणसं दुसऱ्याला पुढे काढतात आणि विसरून जातात. मुंबईत भराभर विमानं हलवायची त्यांची घाई खरी असते, ती मला मान्य आहे. पण ती घाई त्यांची आहे. तुझ्या कॉकपिटमध्ये ती शिरू देऊ नकोस.

एखादं काम मुद्दाम मागे ठेवावं लागलं, तर ते मनात ठेवू नकोस, डोळ्यांसमोर ठेव. धावपट्टीवर चिखल किंवा बर्फाचा राडा असला की फ्लॅप टॅक्सी संपेपर्यंत लावत नाहीत; जुने वैमानिक अशा वेळी फ्लॅपच्या लीव्हरवर कॉफीचा रिकामा कागदी कप उलटा घालून ठेवत. हात तिकडे गेला की कप लागतो. कंपनीच्या पुस्तकात हे नसेल, आणि कप घाल असंही मी म्हणत नाही. पण तत्त्व घे: राहिलेल्या कामाची खूण हाताच्या वाटेवर असावी. चेकलिस्टचं कार्ड अर्धं राहिलं तर ते जागेवर खोचू नकोस, थ्रॉटलपाशी ठेव. उतरण्याची परवानगी मिळाली की पुढचा दिवा लावायचा, ही अनेकांची सवय आहे. दिवा लागला नसेल तर परवानगी घेतलेली नाही. "सहा मैलांवर टॉवरला बोला" असं सांगतात, आणि सहा मैल येईपर्यंत वारा, ढग, पुढचं विमान यात तो निरोप विरून जातो. परवानगीशिवाय उतरल्याच्या घटना अशाच होतात. म्हणून खूण.

दुसरा कानमंत्र डोळ्यांचा. उत्तर देण्याआधी वस्तू बघ, आणि शक्य तिथे बोट लाव. जपानी रेल्वेतले चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणतात, ते तू व्हिडिओत पाहिलं असशील. त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं ७३७ निघालं. चेकलिस्टमध्ये अँटी-आइसची ओळ आली आणि उत्तर आलं, ऑफ. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिलं गेलं, पद्धत पाळली गेली, आणि उत्तर त्या हवेसाठी चुकीचं होतं. उष्ण प्रदेशात रोज उडणाऱ्या माणसाचं नेहमीचं उत्तर ते. इंजिनाचे आकडे गोठलेल्या नळीमुळे खोटे दिसत होते, पंखांवर बर्फ होतं. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात गेलं. ७८ जण गेले. तू नागपूरच्या मे महिन्यात उडशील आणि हिवाळ्यात श्रीनगरच्या रोस्टरवर जाशील. उत्तर तेच देऊ नकोस.

लीव्हरवर हात असल्याची जाणीवही पुरावा नाही. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुअनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं ७७७ आठवतं? चाकं टेकली, मग गो-अराउंड करायचं ठरलं. गो-अराउंडचं बटण दाबलं, पण चाकं टेकल्यावर ते बटण काम करत नाही, तशीच त्या विमानाची रचना आहे. इंजिनं रिकामीच फिरत राहिली, चाकं मात्र वर घेतली गेली. इंजिनाच्या आकड्यांकडे वेळेवर कुणाचं लक्ष गेलं नाही. विमानातले सगळे ३०० जण बाहेर पडले. विझवायला गेलेला अग्निशमन दलाचा एक माणूस गेला. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही. काम झालं की नाही हे पडद्यावर, आकड्यात, वेगात दिसतं. बटण दाबल्यावर डोळे तिथून उचलून परिणामाकडे ने, दर वेळी.

आता मला जिथे थांबायचं आहे ते हवेच्या दाबाचं. कारण यात राहिलेली गोष्ट दिसत नाही, टोचत नाही, आणि विसरल्याचं ओळखणारा मेंदूच हळूहळू मंद होत जातो.

२० सप्टेंबर २०१८ ला सकाळी जेट एअरवेजचं ७३७ मुंबईहून जयपूरला निघालं, १६६ प्रवासी घेऊन. इंजिनातली दाबाची हवा केबिनला देणारे ब्लीड स्विच चालू करायचे राहिले, असं नंतर डीजीसीएने सांगितलं. विमान वर जात राहिलं, केबिनमधला दाब विमानाबरोबर उतरत राहिला. मास्क खाली पडले. तीसएक प्रवाशांना नाकातून रक्त, कान दुखणं असा त्रास झाला, आणि विमान मुंबईला परतलं. ७३७ च्या टेकऑफनंतरच्या चेकलिस्टची पहिली ओळ माहीत आहे ना? इंजिन ब्लीड. पहिलीच.

ते परत आले. हेलिओसचं विमान आलं नाही. १४ ऑगस्ट २००५, सायप्रसचं लार्नाका. आधीच्या फेरीत मागच्या दाराजवळ आवाज येतो अशी नोंद होती, म्हणून इंजिनिअरने पहाटे केबिनच्या दाबाची चाचणी घेतली आणि त्यासाठी दाबाचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर नेला. तो तिथेच राहिला. वैमानिक आल्यावर डोक्यावरच्या पॅनेलची तपासणी झाली, इंजिन सुरू करण्याआधीची चेकलिस्ट झाली, टेकऑफनंतरची झाली. तीन ठिकाणी तो स्विच सापडायला हवा होता, तीनही ठिकाणी निसटला. त्याच्याशेजारी मॅन्युअल असल्याचा हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, ही आपली सवय. बारा हजार फुटांच्या आसपास हॉर्न वाजला. त्या ७३७ वर दाब कमी झाल्याचा आणि टेकऑफची मांडणी चुकल्याचा हॉर्न एकच होता. टेकऑफचा हॉर्न हवेत वाजूच शकत नाही, पण कानाला तोच ओळखीचा. वैमानिकांनी तो टेकऑफचा धरला. मग उपकरणं थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे दिवे लागले, तेही हवा विरळ झाल्यामुळेच, आणि कॅप्टन जमिनीवरच्या इंजिनिअरशी त्यावर बोलत राहिले. पलीकडून दाबाच्या स्विचबद्दल विचारलंही गेलं. तोवर उत्तर देण्याच्या अवस्थेत ते राहिले नव्हते. ऑटोपायलटने विमान ३४ हजार फुटांवर नेलं आणि अथेन्सजवळ घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपल्यावर ते ग्रामातिकोजवळच्या डोंगरात पडलं. १२१ जण. त्यानंतर ७३७ वर दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले.

याच्यातून तुझ्यासाठी तीन गोष्टी, आणि त्या पाठ कर. विमान इंजिनिअरच्या हातून तुझ्याकडे आलं असेल, आदल्या रात्री कशावर तरी काम झालं असेल, तर टेक लॉग वाचून झाल्यावर ज्या यंत्रणेला हात लागला तिच्या प्रत्येक स्विचकडे परक्याने लावल्यासारखं बघ. वर जाताना दहा हजार फूट ओलांडलेस की केबिनची उंची दाखवणाऱ्या काट्याकडे एक नजर टाकायची, ती चेकलिस्टमध्ये असो वा नसो. आणि हवेत असताना असा इशारा आला, की आधी ऑक्सिजन मास्क तोंडावर, मग विचार, मग बोलणं. हॉर्न खोटा असू शकेल. असू दे. मास्क काढायला वेळ लागत नाही.

आणि याच्याच पोटातली एक गोष्ट नागपूरच्या विमानालाही लागू पडते. विमान विचित्र वागायला लागलं, वर जाईना, इंधन जास्त खाऊ लागलं, आवाज वेगळा आला, कान गच्च झाले, तर बिघाड शोधण्याआधी स्वतःला विचार: माझं काय राहिलं? शेवटच्या टप्प्याची चेकलिस्ट पुन्हा वरून खाली म्हण. यंत्र बिघडल्यासारखं वाटतं तेव्हा आपण पुस्तकातल्या कठीण पानांकडे धावतो, आणि उत्तर बहुधा पहिल्या सोप्या पानावर असतं.

आल्टिमीटरचं थोडक्यात सांगतो. ठराविक उंचीवर आपण १०१३ लावतो, उतरताना परत तिथला स्थानिक दाब. मुंबईत ऐन पावसाळ्यात हा दाब हजाराच्या जवळ येतो. म्हणजे १०१३ तसंच राहिलं, तर एका हेक्टोपास्कलला तीसएक फूट धरून तू असशील त्याच्यापेक्षा साडेतीनशे-चारशे फूट वर आहेस असं यंत्र सांगेल. नव्या विमानांत राहिलेला आकडा लुकलुकतो. त्याच्यावर विसंबू नकोस. दोघांनी आपापला आकडा मोठ्याने वाचायचा, आणि तो एटिसच्या आकड्याशी ताडून पाहायचा. २३ मे २०२२ ला पॅरिसला कंट्रोलरने १००१ च्या जागी १०११ सांगितलं आणि ढगात असलेलं एक ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून सहा फुटांपर्यंत खाली आलं होतं. वैमानिकांनी सांगितलेला आकडा लावला होता. ऐकलेला आकडाही तपासायचा असतो, एवढं त्यातून घे.

फोनचं सांगायलाच हवं. तुमच्या पिढीला मी सांगणं तुम्हाला आवडत नाही, तरी सांगतो. कॉकपिटमध्ये शिरण्याआधी तो बंद कर, बॅगेत टाक, बॅग मागे ठेव. २७ मे २०१० ला जेटस्टारचं ए-३२१ डार्विनहून सिंगापूरला उतरत होतं. कॅप्टनच्या फोनवर संदेश यायला लागले, ते फोन बंद करण्यात गुंतले. चाकं काढायची राहिली, उतरण्याची चेकलिस्ट राहिली. पाचशे फुटांच्या खाली आल्यावर गो-अराउंड झालं. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला, आणि त्याच्या मागे १९७४ चा शार्लट इथला ईस्टर्नचा अपघात होता. धुक्यात उतरताना राजकारणावर, गाड्यांवर गप्पा चालल्या होत्या. ७२ जण गेले. गप्पा वाईट नसतात. दहा हजारांच्या वर भरपूर गप्पा मार, कॅप्टनशी ओळख करून घे, ते उपयोगीच पडेल. पण खाली आलं की बंद, आणि कॅप्टनने सुरू केल्या तर "सर, दहा हजार" एवढंच म्हण. समजूतदार माणूस गप्प होतो.

समजूतदार नसेल तर? आपल्या घरात मोठ्यांना उलटून बोलायचं नाही हे तुझ्या हाडात आहे, मला माहीत आहे, कारण ते मीच काही अंशी रुजवलं. कॉकपिटच्या दाराशी ते काढून ठेव. आदर ठेव, "सर" म्हण, पण माणसाबद्दल न बोलता वस्तूबद्दल बोल. "तुम्ही फ्लॅप विसरलात" म्हटलं की समोरचा स्वतःला सावरायला लागतो. "फ्लॅप शून्य दिसतायत, सर" म्हटलं की दोघेही फ्लॅपकडे बघतात. एकदा सांग. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा आवाज चढवून सांग. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली आणि विमान जमिनीजवळ असेल, तर कंपनीने ताबा घेण्याचे जे शब्द शिकवलेत ते वापर आणि वर ने. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसच्या को-पायलटने गो-अराउंड करा असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. उड्डाणाचा बराचसा वेळ झोपलेले कॅप्टन उतरण्याच्या सुमारास जागे झाले होते. विमान उंचावरून, जास्त वेगात आलं आणि टेबलटॉप धावपट्टीच्या पलीकडे गेलं. १५८ जण. त्या को-पायलटने सांगितलं होतं. तू सांगून थांबू नकोस.

झोपेचं त्याच ओघात येतं. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं. कॉफी ती लांबवते, हटवत नाही. त्या वेळातल्या उड्डाणाला प्रत्येक चेकलिस्ट नेहमीपेक्षा सावकाश म्हणायची असं आधीच, ब्रीफिंगमध्येच कॅप्टनशी ठरव. उड्डाणाआधी पुरेशी झोप झाली नसेल तर ड्यूटी नाकार. रोस्टरवाले नाराज होतील, होऊ देत. ताईच्या घरी पूजा आहे, कुणाचं केळवण आहे म्हणून जागरण करून सकाळच्या पहिल्या विमानाला जाऊ नकोस. तुझ्या आईला मी समजावीन.

आणि चेकलिस्टला कमी लेखू नकोस. ती आली कुठून? ३० ऑक्टोबर १९३५ ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ चाचणीसाठी उडालं. अमेरिकन लष्करातले निष्णात चाचणी वैमानिक मेजर प्लॉयर हिल चालवत होते. वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून जमिनीवर लावायचं कुलूप काढायचं राहिलं होतं. विमान उठलं आणि कोसळलं. हिल आणि बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस टॉवर गेले. त्यानंतर वैमानिकांनी बसून कागदावर यादी केली: टेकऑफ, उड्डाण, उतरण्याआधी, उतरल्यानंतर. त्या काळातल्या सर्वोत्तम माणसाला ती यादी हवी होती. तुला आणि मला ती हवीच.

शेवटी, कधी काही राहिलंच, आणि वेळेवर सापडलं, कुणाला काही झालं नाही, तर ते दडपू नकोस. कंपनीच्या सुरक्षा विभागाला ऐच्छिक अहवाल दे, त्याच दिवशी, हॉटेलवर पोचल्यावर, झोपण्याआधी. त्यात "अनवधानाने" असा शब्द लिहून सोडून देऊ नकोस, त्याने कुणालाही काही कळत नाही. कोणत्या ओळीवर होतो ते लिही. त्या वेळी कोण बोललं, रेडिओवर काय आलं, कितव्या फेरीतलं हे उड्डाण होतं, आदल्या रात्री किती वाजता झोपलीस, धावपट्टी बदलली होती का, टेक लॉगमध्ये काय होतं, आणि चूक शेवटी कशामुळे लक्षात आली, ते सगळं लिही. सुरक्षा विभागात अशा अहवालांचे ढीग वाचणारी माणसं असतात. दहा वेगवेगळ्या वैमानिकांच्या अहवालांत तीच ओळ दिसली, की ते चेकलिस्टमधली ती ओळ हलवतात, किंवा लोडशीट आणायची वेळ बदलतात. दुसऱ्या दिवशी त्याच कॅप्टनबरोबर उड्डाण असेल, तर अहवाल दिलाय हे त्यांना स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.